वॉर्सा घेट्टोचा उठाव आणि संगीत : १९ एप्रिलच्या बैठकीत काय ऐकावे?

अनुनाद | ३ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार. पुण्यात आम्ही पंधरा-वीस जण दर महिन्याला एका सभासदाच्या घरी जमून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकतो. घरात चांगले स्पीकर आहेत आणि दिवाणखान्यात एक जुना उभा पियानोही आहे. एप्रिलची बैठक यंदा नेमकी १९ तारखेला आली आहे. १९४३ साली याच तारखेला, वल्हांडण सणाच्या तोंडावर, जर्मन सैन्य उरलेल्या लोकांना हलवण्यासाठी वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना भिंतींआड कोंडलेल्या वस्तीत, शिरले, तेव्हा आतल्या ज्यू तरुणांनी पिस्तुले, हातबॉम्ब आणि पेट्रोलच्या बाटल्या घेऊन त्यांचा सामना केला. १६ मे रोजी जर्मनांनी त्लोमात्स्किये रस्त्यावरचे मोठे सिनेगॉग सुरुंगाने उडवून उठाव संपल्याचे जाहीर केले. तोवर घेट्टो घरामागून घर जाळत नेला गेला होता.

त्या दिवशी आपण नेहमीसारखे काहीतरी लावून बसावे हे मनाला पटत नाही. वेळ दीड तास आहे आणि ऑर्केस्ट्रा व पियानो यांचेच संगीत ऐकायचे असे ठरले आहे. कोणत्या रचना घ्याव्यात, एवढाच प्रश्न असता तर मी शोधाशोध करून यादी केली असती. माझी खरी अडचण अशी आहे की, उठावानंतर कोणीतरी त्याच्याविषयी रचलेले संगीत ऐकून त्या माणसांचे स्मरण होते, की त्या भिंतींच्या आत ती माणसे स्वतः जे वाजवत होती, ऐकत होती, ते ऐकून होते? दोन्ही बाजूंनी विचार करून मी थकलो आहे. आपली मते हवी आहेत.

तिसरी_घंटा | ३ मार्च, रात्री १०.१५

रचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचे ‘अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा’ घेतल्याशिवाय हा कार्यक्रम होऊ शकत नाही. जेमतेम सात मिनिटांची रचना आहे, पण ती ऐकल्यावर पुढे लगेच दुसरे काही ऐकवत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

इतिहासवेडा | ४ मार्च, सकाळी ७.०५

तिसरी_घंटा यांच्याशी निवडीबाबत सहमत आहे, परंतु एक गोष्ट स्पष्ट असावी. त्या रचनेत उठाव नाही. पहाटेच्या बिगुलाला माणसांना बाहेर हाकलतात, रांगेत उभे करतात, मारतात, आणि किती जणांना गॅसकोठडीत पाठवायचे हे कळावे म्हणून मोजणी करायला लावतात. गॅसकोठड्या वॉर्सात नव्हत्या. तिथून माणसे नेली गेली ती ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत, आणि मोठी हकालपट्टी झाली ती १९४२च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे उठावाच्या सात ते नऊ महिने आधी. त्या काही आठवड्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे गेली. एप्रिल १९४३मध्ये आत पन्नास-साठ हजारच उरली होती. लढणारे तर काही शे होते.

शोनबर्ग यांनी हे सारे कॅलिफोर्नियात बसून, १९४७च्या ऑगस्टमध्ये, ऐकीव हकिगतींवरून रचले. त्यात वॉर्साचे भुयारी गटार आहे आणि छावणीतली मोजणीही आहे. इतिहास म्हणून ते सांगू नये, एवढेच माझे म्हणणे.

मेधा_क | ४ मार्च, सकाळी ११.३०

इतिहासवेडा, तपशील बरोबर आहेत, पण म्हणून ती रचना उठावाची नाही, हे मला मान्य नाही. मारेक एडेलमान हे उठावाच्या नेत्यांपैकी वाचलेले. ते २००९पर्यंत जगले आणि आयुष्यभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बंदूक हातात घेऊन मेलेल्यांना शूर म्हणायचे आणि शांतपणे गाडीत चढलेल्यांना नाही, हा भेद त्यांना सहन होत नसे. उलट, तसे चालत जाणे अधिक कठीण होते, असे त्यांचे म्हणणे असे. लढायला निघालेल्यांनी फक्त मरणाची रीत निवडली, असेही ते म्हणत.

आता शोनबर्ग ऐका. मोजणी सुरू होते, ती वाढत्या वेगाने धावत सुटते, आणि अगदी टोकाला पोहोचल्यावर तीच माणसे आकडे सोडून ‘शमा यिस्राएल’ ही ज्यूंची प्रार्थना गाऊ लागतात. तोपर्यंत निवेदक आहे, जर्मन सार्जंटच्या आरोळ्या आहेत, तुटक तुटक ऑर्केस्ट्रा आहे, पण गाणे म्हणून कुठेच नाही. पुरुषांचा समूह एका सुरात उभा राहतो तो तिथेच. माझ्या कानांना उठाव तो तिथे ऐकू येतो.

रानपाखरू | ४ मार्च, दुपारी १.२०

मला या सगळ्याच प्रकल्पाविषयी शंका आहे आणि ती मी आदराने मांडतो. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नो यांनी याच रचनेचे नाव घेऊन लिहिले होते की, बळी गेलेल्यांच्या यातनेला कलेचा घाट दिला की तिच्यातली भीषणता थोडी तरी कमी होते आणि तिला अर्थ असल्याचा भास निर्माण होतो. अडोर्नो शोनबर्ग यांचे विरोधक नव्हते. त्यांच्या संगीताची थोरवी जाणणाऱ्यांपैकीच ते एक होते, म्हणून त्यांचा आक्षेप जास्त टोचतो. आपण पुण्यातल्या एका दिवाणखान्यात चहा घेऊन ते ऐकणार, ‘काय परिणामकारक आहे’ म्हणणार आणि घरी जाणार. त्यापेक्षा त्या दिवशी काहीही न वाजवता, एडेलमान दर १९ एप्रिलला स्मारकाशी ठेवत तशी पिवळी फुले ठेवून बसलो तर?

तिसरी_घंटा | ४ मार्च, दुपारी २.००

चहा ठेवू नये. हे मी मनापासून सांगतो आहे. त्या सात मिनिटांच्या आधी आणि नंतर काही खाणेपिणे नको.

अनुनाद | ४ मार्च, रात्री ८.५०

तिसरी_घंटा, मान्य. रानपाखरू, तुमच्या म्हणण्याने मी दिवसभर अस्वस्थ आहे. तरीही मला वाटते की मौनालाही आधी काहीतरी ऐकलेले असावे लागते. नाहीतर आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपण कोणाबद्दल गप्प बसलो आहोत, हेही कळणार नाही.

सव्यसाची | ५ मार्च, रात्री १२.१०

मी ठाण्यात राहतो आणि गेली अकरा वर्षे पियानो शिकतो आहे. अनुनाद यांच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे आतली माणसे काय वाजवत होती त्याबद्दल, लिहितो.

व्वाद्यिस्वाफ श्पिलमन पोलिश रेडिओवर पियानो वाजवत. २३ सप्टेंबर १९३९ रोजी शहरावर तोफगोळे पडत असताना त्यांनी रेडिओवर शोपँचे सी शार्प मायनरमधले नॉक्टर्न ही छोटी पियानोरचना वाजवली आणि त्याच दिवशी केंद्र बंद पडले. १९४५ साली रेडिओ पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी तेच नॉक्टर्न वाजवले. मधल्या वर्षांत ते घेट्टोतल्या कॅफेंमध्ये वाजवून घर चालवत होते. ट्रेब्लिंकाच्या गाडीपासून त्यांना ऐनवेळी बाजूला ओढले गेले. आईवडील आणि भावंडे मात्र त्याच गाडीने गेली. उठावापूर्वी दोनेक महिने ते घेट्टोबाहेर निसटले. नोव्हेंबर १९४४मध्ये उद्ध्वस्त शहरात होझेनफेल्ड या जर्मन अधिकाऱ्याने त्यांना पकडले आणि वाजवायला सांगितले, तेव्हाही त्यांनी हेच वाजवले. त्यांच्यावरच्या ‘द पियानिस्ट’ या सिनेमात तिथे शोपँचीच जी मायनर बॅलड आहे.

आता हातांबद्दल थोडे. हे नॉक्टर्न दिसायला सोपे आहे. डावा हात सुट्या केलेल्या सुरावटींची एकसारखी लाट चालू ठेवतो आणि वर उजवा हात गातो. पण शेवटी उजव्या हाताला चार धावा आहेत : १८ स्वरांची, मग ३५ स्वरांची, मग ११ आणि १३ स्वरांची, आणि खालच्या ठरलेल्या ठोक्यांत त्या सरळ भागाकाराने बसत नाहीत. मोजत बसलात तर हात अडखळतो. डाव्या हातावर विश्वास टाकून उजव्याला सोडून द्यावे लागते आणि शेवटचा स्वर आपोआप वेळेवर पोहोचतो. मला ते साधायला चार महिने लागले. श्पिलमन यांनी अडीच वर्षांत पियानोला हात लावलेला नव्हता, बोटे ताठरली होती, समोरचा पियानो सुरात नव्हता. अशा हातांनी ३५ स्वरांची ती धाव कशी गेली असेल, हा विचार मला प्रत्येक वेळी तिथे येतो.

इतिहासवेडा | ५ मार्च, सकाळी ६.५५

सव्यसाची, फार सुंदर लिहिले आहे. वाचकांसाठी एक भेद नोंदवून ठेवतो, कारण सिनेमा पाहिलेल्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. शहर उद्ध्वस्त झाले ते १९४४च्या वॉर्सा उठावानंतर. तो पोलिश भूमिगत सेनेचा उठाव १ ऑगस्टपासून ६३ दिवस चालला. घेट्टोचा उठाव त्याच्या सव्वा वर्ष आधीचा.

न्यूजर्सीतला_नंदू | ५ मार्च, सायंकाळी ७.३०

घेट्टोत पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता, याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. १९४० ते १९४२ या काळात नॉयटाइख, पुलमन आदींच्या संचालनाखाली त्याचे कार्यक्रम होत. तंतुवाद्ये वाजवणारे एकाहून एक उत्तम होते, पण ओबो आणि हॉर्न वाजवणारे मिळेनात, तेव्हा त्यांचे भाग क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवर वाजवून घेतले जात. जर्मन समीक्षक मार्सेल राइख-रानित्स्की तेव्हा विशी ओलांडलेले तरुण होते आणि ‘विक्टोर हार्ट’ या टोपणनावाने ज्यूंसाठी निघणाऱ्या वृत्तपत्रात या मैफलींची परीक्षणे लिहीत. विचार करा, बाहेर उपासमारीने माणसे रस्त्यावर मरून पडत आहेत आणि आत एक मुलगा बेथोव्हन बरा झाला की नाही हे काळजीपूर्वक लिहितो आहे. मला यात हास्यास्पद काहीच वाटत नाही. एप्रिल १९४२मध्ये जर्मनांनी ऑर्केस्ट्रावर बंदी घातली. कारण दिले की, हे लोक ‘आर्य’ रचनाकारांचे संगीत वाजवतात. वादकांपैकी बहुतेक जण त्याच वर्षी ट्रेब्लिंकाला गेले. म्हणून एप्रिल १९४३च्या आगीत हा ऑर्केस्ट्रा नव्हता.

माझ्यापुरते उत्तर असे : बेथोव्हनची कोणतीही सिम्फनी लावा आणि ती कोणी, कुठे वाजवली होती ते सांगा.

मेधा_क | ५ मार्च, रात्री ९.१०

नंदू, माहिती मोलाची आहे, पण निष्कर्ष पटत नाही. बेथोव्हन लावला की ऐकणारा बेथोव्हनच ऐकणार. आपण कितीही प्रास्ताविक केले तरी तिसऱ्या मिनिटाला सॅक्सोफोनचा विसर पडेल. आत रचलेलेच हवे असेल तर श्पिलमन यांचेच पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीचे ‘कॉन्चर्टिनो’ घ्या. ते १९४०चे आहे, दहा-बारा मिनिटांचे आहे आणि ऐकताना धक्का बसतो, कारण त्यात दुःखाचा लवलेश नाही. जॅझच्या अंगाचे, गर्श्विनची आठवण करून देणारे, खेळकर संगीत आहे. भिंती उभ्या राहत असताना माणसाने असे काही लिहिले, हे मला कोणत्याही शोकगीतापेक्षा अधिक बोलके वाटते.

जुना_वाचक | ६ मार्च, सकाळी १०.००

गेर्शोन सिरोटा यांचे नाव नोंदवतो. त्लोमात्स्किये सिनेगॉगचे विख्यात गायक-पुरोहित. १९४३च्या एप्रिलमध्ये उठावाच्या दिवसांतच कुटुंबासह घेट्टोत मृत्युमुखी पडले. त्यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. तुमच्या चौकटीत बसत नसेल, तरी लोक जमत असतानाची दहा मिनिटे तो आवाज खोलीत असू द्यावा.

तिसरी_घंटा | ६ मार्च, दुपारी १२.४५

आता रचनाकार वाइनबर्ग यांच्याबद्दल लिहितो, कारण अनुनाद यांच्या दोन पर्यायांपैकी कोणत्याही एकात त्यांना बसवता येत नाही.

मिएचिस्वाफ वाइनबर्ग यांचा जन्म वॉर्साचा, १९१९चा. उठावाचा नेता मोर्देखाय अनिएलेविच याचाही जन्म १९१९चाच. वाइनबर्ग यांचे वडील यिद्दिश रंगभूमीवर व्हायोलिन वाजवत आणि संगीत देत. मुलगा शहरातल्या कॅफेंमध्ये पियानो वाजवी आणि संगीतशाळेत शिके. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन येऊन ठेपले तेव्हा तो पायी पूर्वेकडे निघाला. धाकटी बहीण सोबत निघाली होती, पण बूट लागून पाय दुखू लागले म्हणून ती वाटेतून आईवडिलांकडे परतली. तो मिन्स्कला, पुढे ताश्कंदला आणि १९४३मध्ये सोव्हिएत रचनाकार शोस्ताकोविच यांच्या मदतीने मॉस्कोला पोहोचला. मागे राहिलेले तिघेही मारले गेले.

अनिएलेविच ८ मे १९४३ रोजी मिवा रस्त्यावरच्या १८ क्रमांकाच्या तळघरात मेला. वाइनबर्ग जगले, आणि १९९१ साली त्यांनी आपली एकविसावी सिम्फनी पूर्ण केली. नाव ‘कादिश’, म्हणजे ज्यूंमध्ये मृतांसाठी म्हटली जाणारी प्रार्थना. अर्पण केली आहे ती वॉर्सा घेट्टोत बळी गेलेल्यांना. सुमारे पंचावन्न मिनिटांचे, सलग वाजणारे संगीत आहे. मोठा ऑर्केस्ट्रा असूनही बराच वेळ एकटे व्हायोलिन बोलते. ते व्हायोलिन वडिलांचे, असे मानण्याचा मोह मला आवरत नाही. आणि मध्येच पियानोवर शोपँच्या जी मायनर बॅलडचा तुकडा उमटतो. तो नीट वाजवून दाखवलेला नाही. दुसऱ्या खोलीत कोणीतरी वाजवत असावे आणि दार उघडमिट व्हावे, तसा तो येतो आणि जातो. शेवटी सोप्रानोचा, म्हणजे स्त्रीचा उंच, आवाज येतो, आणि त्याला शब्द नाहीत.

बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राचे, मिर्गा ग्राझिनिते-तिला यांच्या संचालनाखालचे आणि गिडॉन क्रेमर यांचे व्हायोलिन असलेले ध्वनिमुद्रण २०१९मध्ये आले. त्यात तो आवाज संचालिकेचा स्वतःचाच आहे. हे ‘त्या घटनेविषयीचे’ संगीत आहे, की ‘त्या शहरातल्या माणसाचे’ संगीत आहे? बावन्न वर्षे बाहेर राहून तो माणूस त्याच घरी परततो आहे, एवढेच मला म्हणता येते.

रानपाखरू | ६ मार्च, दुपारी ३.१५

तिसरी_घंटा, काल रात्री मी हे योगायोगाने ऐकत होतो आणि आज तुमचे लिखाण वाचले. माझा आक्षेप शोनबर्ग यांच्याबाबत अजून शिल्लक आहे, ‘कादिश’बाबत नाही. ते कोणालाही काही पटवून देत नाही.

नवगावची_लेक | ६ मार्च, रात्री १०.३०

मी बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातली ज्यू, आहे, आणि ‘शमा’चा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमचे पूर्वज कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असे आमच्यात परंपरेने सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. पिढ्यानपिढ्या ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरले गेले होते, पण सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ एवढे मात्र राहिले. लग्न असो, बारसे असो, मरण असो, म्हणायला तेवढेच होते, आणि प्रत्येक वेळी तेच म्हटले जाई. माझ्या घरात आजही झोपण्यापूर्वी उजवा हात डोळ्यांवर धरून म्हणतात : ‘शमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद.’ हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एकच आहे.

युरोपातल्या ज्यूंवर जे गुजरले, ते सुदैवाने आमच्या वाट्याला इथे कधीच आले नाही, आणि त्यांचे दुःख आपले म्हणून मिरवण्याचा मला अधिकार नाही. पण शोनबर्ग यांचा तो समूह मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सूर इतका परका होता की शब्द ओळखायला मला काही क्षण लागले. ओळखले आणि माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला. अनुनाद, तुमच्या श्रोत्यांना ते सहा शब्द आधीच माहीत असतील तर तो क्षण त्यांच्याही पदरात पडेल.

अनुनाद | ७ मार्च, सकाळी ८.२०

नवगावची_लेक, आपण किंवा आपल्या घरातले कोणी सुरुवातीला ते सहा शब्द म्हणून दाखवाल का? गायचे नाही, घरी म्हणता तसेच.

तिसरी_घंटा | ७ मार्च, सकाळी ९.००

याला आधारही आहे. रचनेचा पहिला प्रयोग ४ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्की या गावात झाला. व्हिएन्नाहून आश्रयाला आलेले कुर्ट फ्रेडरिक संचालक होते आणि गाणारे-वाजवणारे बहुतेक हौशी. मानधन म्हणून शोनबर्ग यांनी फक्त वादकांच्या स्वरलिपीच्या प्रती उतरवून मागितल्या. रचना संपल्यावर सभागृहात बराच वेळ कोणी हलले नाही, तेव्हा फ्रेडरिक यांनी ती सगळी पुन्हा एकदा वाजवली. आपणही दोनदा ऐकावी. पहिल्यांदा धक्का ऐकू येतो, दुसऱ्यांदा संगीत.

सव्यसाची | ७ मार्च, रात्री ११.००

पुण्याला येऊन नॉक्टर्न वाजवायला मी तयार आहे. पियानो सुरात लावून घ्यावा. श्पिलमन यांचा पियानो बेसूर होता म्हणून आपलाही तसाच ठेवू या, असे कोणी सुचवेल, पण ती नक्कल होईल. आणखी एक विनंती आहे. नॉक्टर्न शेवटी ठेवू नका. ते शेवटी मेजरमध्ये उजळून संपते, आणि लोक सांत्वन घेऊन उठतील. १९३९मध्ये ते सर्वांत आधी वाजले होते, इथेही आधीच वाजू दे.

अनुनाद | ८ मार्च, रात्री ९.३०

सर्वांच्या सूचनांवरून क्रम असा ठरवला आहे. लोक जमत असताना सिरोटा यांचा आवाज. मग सव्यसाची यांचे नॉक्टर्न आणि श्पिलमन यांचे कॉन्चर्टिनो. त्यानंतर ‘शमा’चे शब्द, लगेच शोनबर्ग, थोडे मौन आणि पुन्हा शोनबर्ग. शेवटी वाइनबर्ग यांची ‘कादिश’, आणि त्यानंतर मी काहीही बोलणार नाही. इतिहासवेडा यांनी १९४२, १९४३ आणि १९४४ वेगळे करून सांगणारे एक पान लिहून द्यावे, म्हणजे ते प्रत्येकाच्या हातात देता येईल. रानपाखरू, पिवळी फुले आणण्याचे काम आपल्याकडे. चहा नाही.

नवगावची_लेक | ९ मार्च, दुपारी ४.४०

माझी आत्या यायला तयार आहे. तिचे वय ८१ आहे, जिना चढायला थोडा वेळ लागेल. तिला मी फोनवरून रचना ऐकवली. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “हे मध्येच थांबले.” मी स्वरलिपीत पाहिले तर खरेच होते. शोनबर्ग यांचा समूह ‘निजताना आणि उठताना’ या शब्दांवर संपतो, आणि शमात त्यानंतर आणखी ओळी आहेत. ते शब्द चिन्ह म्हणून हाताला बांधावेत आणि दाराच्या चौकटीवर लिहावेत, असे त्यात सांगितले आहे. आत्याचे म्हणणे असे की, सुरुवातीला ती सहा शब्द म्हणेल, पण दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर उरलेले तिला पुरे करू द्यावे.

अनुनाद | ९ मार्च, सायंकाळी ५.०५

त्यांची खुर्ची पियानोशेजारी ठेवतो.